कुठली काकू गेली?

लायब्ररीतून जाड कादंबरी घरी आणण्याआधी मी ती मिटून तिच्या पानांची कड बघते. मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर नंतर. पुष्कळ हातांतून गेलेल्या पुस्तकाची ही कड मळत जाते. अंगठ्याचा घाम, खोबरेल, फोडणीची बोटं, लोकलची धूळ, सगळं तिथं साचतं. ज्या पुस्तकाला वाचकांनी शेवटपर्यंत साथ दिलेली असते त्याची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी करडी दिसते. रहस्यकथांची तर जवळजवळ काळी. काही पुस्तकांचं मात्र वेगळं असतं. पहिली बोटभर जाडी मळकट आणि तिथून पुढं एकदम पांढरंशुभ्र. आत चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के भरगच्च. म्हणजे नेणारे पुष्कळ होते आणि त्यातले बहुतेक साधारण एकाच ठिकाणी उतरले.

मला हा मळ कुठल्याही परीक्षणापेक्षा खरा वाटतो. मराठीत पुस्तकांवर काही कमी लिहिलं जात नाही. रविवारच्या पुरवण्या आहेत, दिवाळी अंक आहेत, फेसबुकवर तर रोज कुणी ना कुणी ‘नुकतंच हातावेगळं केलं’ म्हणून मुखपृष्ठाचा फोटो टाकत असतं. पण ‘ही कादंबरी मी अमुक पानावर सोडली आणि पुन्हा उघडली नाही’ असं छापलेलं परीक्षण मी तरी वाचलेलं नाही. परीक्षण लिहिणाऱ्याला पुस्तक संपवावं लागतं, निदान संपवल्यासारखं लिहावं लागतं. प्रकाशन समारंभाचे प्रमुख पाहुणे याच्याही पुढचे. त्यांच्या भाषणातले सगळे दाखले पहिल्या दोन प्रकरणांतलेच कसे असतात, ते एकदा लक्ष देऊन ऐका. ज्यांनी पुस्तक सोडलं त्यांना कुणी विचारत नाही, आणि तेही आपणहून बोलत नाहीत. उलट कुठं विषय निघालाच तर ‘हो, वाचलीय थोडी’ म्हणून निसटतात.

ई-पुस्तकाला कड नसते, पण तिथला हिशेब जास्त चोख. जॉर्डन एलेनबर्ग या अमेरिकी गणितज्ञानं २०१४ साली गमतीगमतीत एक मोजमाप काढलं आणि त्याला स्टीफन हॉकिंगचं नाव दिलं. घरोघरी असलेलं आणि फारसं कुणी न संपवलेलं पुस्तक म्हणून हॉकिंगच्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ची ख्यातीच तशी आहे. किंडलवर वाचकांनी सर्वांत जास्त वेळा अधोरेखित केलेली वाक्यं पुस्तकात सरासरी कितव्या पानावर येतात, एवढंच त्यानं पाहिलं. सगळी सुरुवातीलाच असतील तर पुढं फारसं कुणी गेलेलं नसणार. हॉकिंगचा आकडा आला ६.६ टक्के. त्या वर्षी जगभर गाजत असलेल्या थॉमा पिकेटीच्या भांडवलावरच्या ग्रंथाचा २.४. आणि डॉना टार्टच्या एका साडेसातशेहून जास्त पानांच्या कादंबरीचा ९८.५! शास्त्र म्हणून याला फार अर्थ नाही, एलेनबर्गचाही तसा दावा नव्हता. पण पुढच्याच वर्षी, जुलै २०१५पासून, अॅमेझॉननं किंडल अनलिमिटेडमध्ये स्वतःची पुस्तकं टाकणाऱ्या लेखकांना वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबानं पैसे द्यायला सुरुवात केली. शेवटच्या पानांचे पैसे हवेत तर वाचक शेवटच्या पानांपर्यंत यायला हवा. आपल्याकडच्या दोन-चार मान्यवरांपुढं हा करार एकदा ठेवून बघायला हवा.

हल्लीच मी एक कादंबरी सोडली. नाव सांगत नाही. लेखक मोठे आहेत आणि त्यांच्या कथा मला अजूनही आवडतात. सहाशेच्या वर पानं, लायब्ररीनं करून घेतलेली कापडी बांधणी, कोकणातल्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्या. विषय माझ्या हक्काचा. आमच्याही सातबाऱ्यावर नावांची अशी रांग आहे की वाटण्या झाल्या तर एकेकाला दीड माड येईल. शिवाय पुस्तक सुचवलं ते मावशीनं, आणि वाचनाच्या बाबतीत आमच्याकडं मावशी म्हणेल ते प्रमाण.

सुरुवात वाईट नाही. समुद्र आहे, गाज आहे, झावळ्यांतून पाझरणारं चांदणं आहे. दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाही आहे. तिसऱ्याच्याही. पुढंपुढं गाज आली की तो परिच्छेद ओलांडून जायची मला सवय लागली. मग माणसं यायला लागली. दारातून माणूस आत येतो तो आधी डोळे घेऊन: घारे, खोल, पाणीदार, विझलेले. डोळ्यांमागून त्याचा स्वभाव, तोही लेखकाच्या शब्दांत, एकरकमी. तो मानी होता, असं लेखकानंच सांगून टाकलं की त्या माणसाला मानीपणानं काही करायची गरज उरत नाही, आणि तो करतही नाही. घरची मंडळी सगळी एकाच आवाजात अग्रलेख बोलतात. बोली आहे ती फक्त गडीमाणसांच्या तोंडी.

खरी चीड आली ती खोती जाण्याच्या प्रकरणात. कोकणातल्या जमीनवाल्या घरांवर याहून मोठी उलथापालथ गेल्या शतकात क्वचितच आली असेल. १९४९च्या कायद्यानं खोती संपली, आणि कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरलं. ज्याचा बाप जन्मभर खाली अंगणात उभा राहून खोताशी बोलला, तो माणूस आता ओटीवर येणार. येईल का? आला तर बसेल कुठं? कुणी त्याला बस म्हणेल का? आणि घरातली बाई त्याला चहा कुठल्या कपातून देईल? कायदा गॅझेटात वाचायला मिळतो. हा कप कुठला ते कादंबरीतच कळू शकतं. आमचे लेखक काय करतात, तर दोन सख्ख्या भावांना माजघरात समोरासमोर बसवतात आणि थोरला धाकट्याला कायदा समजावून सांगतो. कलमांसकट. दोघंही खोत, दोघांचीही झोप त्याच कायद्यानं उडालेली, दोघांनाही तो तोंडपाठ. तरी एक सांगतो आणि दुसरा ‘असं होय’ म्हणतो. पानंच्या पानं. कूळ त्या प्रकरणात एकदाही ओटीवर येत नाही.

त्यानंतर थोड्याच पानांनी काकू गेली. तिथं लेखकानं हात आखडता घेतलेला नाही. गंगाजल, तुळशीपत्र, सुनेचा हंबरडा, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, मग कुणी तरी पुढं होऊन काही तरी कबूल केलं तेव्हा शिवला. मी वाचत होते आणि डोक्यात एकच प्रश्न: कुठली काकू गेली? कादंबरीत काकू तीन. एक आलवणातली, एक माहेरच्या श्रीमंतीचा तोरा मिरवणारी, एक सदोदित काही तरी निवडत बसलेली. मागं जाऊन पानं चाळली. निवडणारी होती. वाईट वाटायला हवं होतं, कारण तिघींत तीच जरा बरी होती. पण काही वाटलं नाही. ती गेल्यावर कोठीच्या खोलीत सुपात काय अर्धवट निवडलेलं राहिलं, एवढं एक वाक्य लेखकानं लिहिलं असतं तर कदाचित मी पुढं गेले असते.

पुस्तक मिटलं. खूण घातली नाही.

खूण न घालता पुस्तक मिटणं हे खरं तर एका हाताचं काम, पण मन त्याला लवकर तयार होत नाही. पुस्तक काही आठवडे उशाशी पडून होतं आणि मी त्याच्याकडं न बघता दिवा मालवत होते. पानात वाढलेलं टाकायचं नाही या शिस्तीत वाढलेल्यांना अर्धं टाकलेलं पुस्तकही अन्नासारखंच पाप वाटतं. त्यात आपण पुस्तकाला पाय लागला तर उचलून कपाळाला लावणारी माणसं. आणि माझ्या मते याचं मूळ आणखी खोल आहे, ते पोथीत आहे.

आमचे आजोबा गुरुचरित्राचा सप्ताह करायचे. पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, असं सातव्या दिवशीच्या समाप्तीपर्यंत सगळं बांधलेलं. मध्ये उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, खंड पडता कामा नये. सर्दीनं आवाज बसलेला असला तरी त्या दिवसाचे अध्याय त्या दिवशी. आम्ही मुलं दाराशी बसून अजून किती पानं राहिलीत ते डोळ्यांनी मोजायचो, कारण समाप्तीला पुरण. वाचायचं म्हणजे शेवटाला न्यायचं, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलेलं असणार.

पण पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. वाचणाऱ्याला काय मिळेल ते तिथं स्पष्ट सांगितलेलं असतं: संतती, संपत्ती, रोगमुक्ती. पुरं करण्याला मोल आहे म्हणून पुरं करायचं. शिवाय पारायण करणाऱ्याला पुढं काय होणार ते आधीपासून माहीत असतं, त्यामुळं गोष्टीनं त्याला धरून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. कादंबरीला फलश्रुती नाही. सहाशे पानं संपवली म्हणून कुणाचं पोट दुखायचं थांबलेलं नाही. हल्ली मात्र फलश्रुती दुसऱ्या दारानं घरात आली आहे. डिसेंबरअखेर लोक वर्षभरात किती पुस्तकं वाचली त्याची यादी लावतात, आणि यादीत जागा फक्त संपवलेल्यांना. मग माणूस बारीक पुस्तकं निवडतो, किंवा कंटाळत जाड पुस्तक ओढत नेतो.

आणि त्याच घरात, त्याच देवघरासमोर आजी काय करायची? ती शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचायची. रोज तोच. बाकीचे अध्याय पोथीत होते, त्यांची पानं कोरी करकरीत, आणि अकराव्याची इतकी विरलेली की पान उलटताना ती श्वास धरायची. महाराष्ट्रात लाखो घरांत हा अध्याय असाच सुटा वाचला जातो आणि त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्यांपुढं दडपून गेलेल्यांना तर नामदेवांच्या नावावरच्या अभंगातच अभय आहे: ‘एक तरी ओवी अनुभवावी’. सगळ्या वाचाव्या, असं त्यात नाही. आजोबांची रीत माझ्या अंगात भिनली आणि आजीची का नाही, याचं मला आता नवल वाटतं. बहुधा आजोबा मोठ्यानं वाचायचे म्हणून.

दुसरं कारण हिशेबाचं, म्हणजे चुकीच्या हिशेबाचं. एवढी वाचली आता थोडीच राहिली, हा. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना त्यांनी पूर्ण दर लावला, काहींना न मागता सूट दिली. कुणाला काय मिळेल ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना आले. पैसे गेले होते ते दोन्हीकडं गेलेच होते, पण ज्याचे जास्त गेले तो वसूल करायला येऊन बसला. माझ्या बाबतीत तर पुस्तक लायब्ररीचं, म्हणजे पैशाचाही प्रश्न नाही. गेल्या होत्या त्या संध्याकाळी. नाटकाला निदान मध्यंतर असतं. बटाटेवडा खाऊन गर्दीतून हळूच गेटाबाहेर पडता येतं, आत नटाला कळतही नाही. कादंबरीला मध्यंतर नसतं, आपलं आपल्यालाच जाहीर करावं लागतं.

वाचनाच्या बाबतीत इंग्रजांमध्ये सॅम्युअल जॉन्सनचा दरारा मोठा. १७७३ सालची गोष्ट. एका गृहस्थांनी त्याच्यापाशी एका नव्या, बोलबाला असलेल्या पुस्तकाचा विषय काढला. जॉन्सन म्हणाला, चाळलंय मी ते. गृहस्थ म्हणाले, म्हणजे? पूर्ण नाही वाचलंत? त्यावर जॉन्सन फटकन म्हणाला, ‘नाही. तुम्ही पुस्तकं पूर्ण वाचता?’ बॉस्वेलनं हे चरित्रात टिपून ठेवलंय. आपल्याकडं या जॉन्सनची थोरवी सांगितली ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. निबंधमालेत त्याच्यावर त्यांचा भला मोठा निबंध आहे. त्याआधी जॉन्सनच्या ‘रासेलस’ या कथेचं भाषांतर त्यांचे वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलं होतं. ते अपुरं राहिलं आणि मुलानं पुरं केलं, १८७३ साली. म्हणजे जॉन्सनच्या त्या फटकाऱ्याला बरोबर शंभर वर्षं होत असताना. आणि त्या कथेच्या शेवटच्या प्रकरणाचा मथळा काय, तर ‘ज्यात कशाचाच शेवट होत नाही असा शेवट’. असल्या पुस्तकावर घराण्यातल्या दोन पिढ्यांनी घाम गाळला, हे वाचलं की मला शास्त्रीबुवांबद्दल आदर वाटतो आणि थोडं हसूही येतं.

लिहिणाऱ्यांना तर सोडायची मुभा पहिल्यापासून आहे. हरिभाऊ आपट्यांच्या काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या, तरी आजही आपण त्यांना मराठी कादंबरीचे जनक वगैरे म्हणतोच. काफ्काच्या तिन्ही कादंबऱ्या अपूर्ण, त्यातली किल्ल्याची तर वाक्याच्या मध्येच तुटते. लेखकानं सोडली की ती ‘अपूर्ण कलाकृती’, वाचकानं सोडली की त्याचा ‘पेशन्स कमी’!

आता उलट बाजू. ती माझ्या बाजूइतकीच भक्कम आहे. उम्बेर्तो एको या इटालियन लेखकाची मध्ययुगीन मठातल्या खुनांची कादंबरी १९८० साली आली. छापण्याआधी मित्रांनी आणि संपादकांनी सुचवलं, पहिली शंभर पानं फार जड जातात, कमी करा. एकोनं ऐकलं नाही. त्याचं म्हणणं असं की ज्याला त्या मठात सात दिवस राहायचंय त्यानं मठाची चाल अंगवळणी पाडून घ्यायला हवी. ती पहिली पानं म्हणजे वाचकाची दीक्षा. ज्याला ती सोसत नसेल त्यानं डोंगराच्या पायथ्याशीच राहावं. हा माज आहे, पण त्याला तो शोभतो, कारण वर खरंच मठ आहे.

याच्या अगदी विरुद्ध नॅन्सी पर्लचा नियम. या सिएटलच्या निवृत्त ग्रंथपाल. त्या म्हणतात, पुस्तकाला ५० पानं द्या आणि मग ठरवा. वय पन्नाशीच्या पुढं असेल तर १००मधून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं द्या. म्हणजे सत्तरीच्या माणसाला ३०, ऐंशीच्या आजींना २०, आणि शंभरी गाठली की नुसतं मुखपृष्ठ बघून नाही म्हणायची मोकळीक. मला हा नियम फार आवडतो आणि तो मला कधी पाळता येत नाही. एकोची शंभर पानं मी याच नियमानं पन्नासाव्या पानावर सोडली असती.

पानं मोजून भागत नाही, असं माझं मत झालंय. अवघड पुस्तक आणि कंटाळवाणं पुस्तक यांतला फरक वाचताना कळत नाही, दोन्हींत डोळे जडावतात. तो कळतो पुस्तक मिटल्यावर. अवघड पुस्तक मिटलं तरी त्यातलं काही तरी सलत राहतं. कुकर लावताना एकदम वाटतं, तो तसं का म्हणाला असेल? आपण लेखकावर चिडतो, मनातल्या मनात त्याच्याशी भांडतो. हा राग चांगला. रागावलेला वाचक परत येतो. कंटाळवाणं पुस्तक मिटलं की आपण मोकळे होतो, इतके मोकळे की त्यात कोण मेलं तेही आठवत नाही. खोतीच्या प्रकरणात मला राग आला होता, हे खरं आहे. तिथं मी पुढं वाचत राहिले. काकूच्या वेळी रागही नव्हता.

‘मोबाइलमुळं तुमची एकाग्रता गेलीय’ हा आरोप होणारच, म्हणून आधीच सांगते. मोबाइलनं माझं पुष्कळ नुकसान केलंय. पण ज्या आठवड्यांत ही कादंबरी उशाशी पडून होती त्याच आठवड्यांत मी मुंबईतल्या गिरण्यांच्या इतिहासावरचं एक चांगलंच जाड पुस्तक तळटिपांसकट वाचलं आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला राहिला. एकाग्रता होती. ती कुठं खर्च करायची, एवढाच प्रश्न होता.

पुस्तक बदलायला गेले तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी नेहमीसारखं विचारलं, “वाचून झालं?” मी म्हटलं, “नाही, सोडलं.” त्यांनी मान वरही न करता शिक्का मारला आणि पुस्तक मागच्या रॅकवर न ठेवता बाजूला काढून ठेवलं. त्याला कुणी तरी नंबर लावला होता. म्हणजे माझ्या उशाशी ते पडून होतं तेवढे दिवस कुणी तरी त्याच्यासाठी खोळंबलेलं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पाचांत एकाही ठिकाणी पुस्तक संपवा असं म्हटलेलं नाही, आणि रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, एखादी अट राहून जाईल असा माणूस नव्हे.

मावशीचा फोन यायचाच होता. ती रत्नागिरीला असते, शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आणि दुपारी पुस्तक घेऊन झोपाळ्यावर बसली की घरात कुणी तिला हाक मारत नाही.

“काय गं, संपली का?”

“नाही. सोडली.”

“कुठं?”

मुरलेला वाचक का सोडली ते नंतर विचारतो.

“काकू जाते ना, तिथं.”

“कुठली काकू?”

“मावशी, तेच तर म्हणतेय मी!”

ती हसली, पण सोडायला तयार नव्हती. “अगं, त्याच्या पुढंच ती खरी उचल खाते. धाकटा मुंबईहून परत येतो बघ. साडेतीनशेच्या आसपास.”

“म्हणजे तोवर मी काकूंची नावं पाठ करत बसू?”

“नावं कशाला पाठ करायची? मी नाही केली. मला त्यातली माणसं फारशी कळलीच नाहीत.”

“मग वाचलीस कशी एवढी?”

“ते पोफळीचं आगर, ती रहाटाची माळ, पहाटे शिंपणं लागलं की येणारा तो आवाज. शिमग्याला पालखी नाचवतात ते. हे मी लहानपणी बघितलंय गं. आता आमच्या आगरात पंप आहे. तो माणूस ते सगळं लिहितोय म्हटल्यावर मी वाचणारच. ते भाऊ-भाऊ बोलायला लागले की मी पान उलटायची.”

म्हणजे मी जे परिच्छेद ओलांडत होते ते ती वाचत होती, आणि मी ज्यांची वाट बघत होते त्यांना ती ओलांडत होती. सहाशे पानांची कादंबरी आमच्या दोघींत मिळून कशीबशी एकदा वाचून झाली असेल. मी तिला म्हटलं, की तुझी अर्धी कादंबरी मला फोनवर सांग, मला ती जास्त आवडेल. तिनं रहाटाबद्दल पुष्कळ सांगितलं: गाडगी कशी बांधायची, तुटलं तर कोण ओरडायचं, आणि बैल थांबला की घरात झोपलेल्या माणसाला जाग कशी यायची. हे शेवटचं त्या लेखकाच्या पुस्तकात आहे का, ते विचारायचं राहिलं.

फोन ठेवताना ती जरा घुटमळली. मग आवाज खाली आणून एका कादंबरीचं नाव घेतलं, जी अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली, जिची पारायणं झाली. “मला नाही जमली ती. पहिल्या प्रकरणातच सोडली. कॉलेजात होते तेव्हा.”

“पण मावशी, तू तर वक्तृत्व स्पर्धेत मुलांना त्यातले उतारे बसवून द्यायचीस!”

“बसवून द्यायचे. बक्षीस म्हणूनही तीच द्यायचे. सगळे तीच द्यायचे.”

नाव मी इथं लिहीत नाही. तिला अजून त्याच गावात राहायचंय आणि तिचे निम्मे विद्यार्थी माझं लिखाण वाचतात.